जे शून्य आहे, तरी उजवी बाजू शून्य नाही: रिकाम्या जागेत मॅक्सवेलची समीकरणं कशी वाचायची

इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सचा पेपर आला की बहुतेक जण चार समीकरणं पाठ करतात, डेरिव्हेशन घोकतात आणि परीक्षेत उतरवून येतात. मार्क मिळतात, पण "रिकाम्या जागेत करंट डेन्सिटी किती?" एवढं साधं विचारलं की गडबड होते. कोणी म्हणतं शून्य, कोणी म्हणतं डिस्प्लेसमेंट करंट असतो ना मग शून्य कशी. दोघंही अर्धं बरोबर असतात. हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे. बारावीचं फिजिक्स आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह एवढं येत असेल तर पुरे, बाकी इथेच करू. वही-पेन घेऊन बसा, नुसतं स्क्रोल करून हे डोक्यात जाणार नाही.

पायरी १: अक्षरं ओळखून घ्या

ई म्हणजे इलेक्ट्रिक फील्ड, युनिट व्होल्ट प्रति मीटर. बी म्हणजे मॅग्नेटिक फील्ड, युनिट टेस्ला. रो म्हणजे चार्ज डेन्सिटी, एका घनमीटरमध्ये किती कूलॉम. जे म्हणजे करंट डेन्सिटी, एका चौरस मीटरमधून किती अँपियर. मग दोन स्थिरांक: एप्सिलॉन-नॉट ८.८५४ × १०^-१२ आणि म्यू-नॉट १.२५७ × १०^-६, दोन्ही एसआय युनिटमध्ये. सीजीएसमधली समीकरणं वेगळी दिसतात, त्यात जागोजागी ४ पाय आणि सी (प्रकाशाचा वेग) येतात. सुरुवातीला दोन पुस्तकं समोर ठेवून दोन्ही पद्धती मिसळू नका, सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो.

डायव्हर्जन्स म्हणजे एखाद्या बिंदूतून फील्ड निव्वळ किती बाहेर पडतंय. कर्ल म्हणजे त्या बिंदूभोवती फील्ड किती गोल फिरतंय. लिहिताना मी डिव आणि कर्ल असंच लिहितो.

पायरी २: जे म्हणजे नक्की काय

इथे जरा थांबायचं, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनचा पादचारी पूल डोळ्यासमोर आणा. पुलावर आडवी रेघ मारली आणि रेघेच्या एका मीटरमधून सेकंदाला किती माणसं पलीकडे जातात ते मोजलं, तर तो आकडा दोन गोष्टींवर ठरतो, गर्दी किती दाट आहे आणि ती किती वेगाने सरकतेय. गर्दी खच्चून भरलीय पण सगळे जागीच उभे आहेत, तर रेघ ओलांडणारे शून्य. करंट डेन्सिटीचं तेच आहे:

जे = रो × वेग

म्हणजे हलणारा चार्ज पाहिजे. चार्ज नाही तर जे नाही, चार्ज आहे पण थांबलेला आहे तरीही जे नाही.

आता यात एक खाच आहे. तांब्याच्या वायरमध्ये एकूण रो शून्यच असतो, कारण इलेक्ट्रॉनचा निगेटिव्ह आणि तांब्याच्या आयनचा पॉझिटिव्ह चार्ज एकमेकांना खाऊन टाकतात. तरी जे शून्य नसतो, कारण हलतात फक्त इलेक्ट्रॉन. म्हणून सूत्रात प्रत्येक प्रकारच्या चार्जचा रो वेगळा घ्यायचा, त्याच्या त्याच्या वेगाने गुणायचा आणि मग बेरीज करायची. एकूण रो शून्य म्हणून जे शून्य, असं कधीही लिहू नका.

आकडा घालून बघू. घरातल्या दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमधून ५ अँपियर जातायत. जे = ५ ÷ १.५ × १०^-६, म्हणजे सुमारे ३.३ × १०^६ अँपियर प्रति चौरस मीटर. तांब्यात घनमीटरला साधारण ८.५ × १०^२८ मोकळे इलेक्ट्रॉन असतात, त्यावरून वेग काढला (डीसी धरून) तर सेकंदाला फक्त पाव मिलिमीटर येतो. हा ३.३ × १०^६ वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी ३: "रिकामी" जागा म्हणजे कोणती

पुस्तकात लिहिलेलं असतं, फ्री स्पेसमध्ये रो = ०, जे = ०. वाचून पुढे जातो आपण. पण ही आपण घातलेली अट आहे, निर्वात म्हटलं की आपोआप मिळणारी गोष्ट नाही. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब आठवते का? आत निर्वात असायचं, पण इलेक्ट्रॉनचा झोत त्यातूनच पडद्यावर जायचा. त्या झोतात जे शून्य नाही. म्हणजे जागा हवेपुरती रिकामी आहे, चार्जपुरती नाही.

उलट तुमच्या खोलीतली हवा घ्या. रेणू खचाखच आहेत, पण न्यूट्रल आणि इन्सुलेटर, त्यामुळे जे जवळपास शून्य. हवेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स सुमारे १.०००३, म्हणून आपल्या गणितांसाठी हवेला रिकामी जागा धरली तर काही बिघडत नाही.

सूर्य आणि पृथ्वीच्या मधली जागा तर आणखी मजेशीर आहे. तिथून सौर वारा वाहत असतो, पृथ्वीजवळ साधारण घनसेंटिमीटरला पाचेक प्रोटॉन, वेग सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास. नुसते प्रोटॉन धरले तर जे सुमारे ३ × १०^-७ अँपियर प्रति चौरस मीटर येतो, पण त्यांच्याबरोबर तेवढेच इलेक्ट्रॉनही धावतात म्हणून निव्वळ जे त्याहून बराच कमी. आपलं सूर्याचा अभ्यास करणारं यान आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ ला उडालं, त्यावर या सौर वाऱ्याचे कण मोजणारी उपकरणं आणि मॅग्नेटोमीटर दोन्ही आहेत.

तर गणित सुरू करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी ज्या बिंदूवर समीकरण लिहितोय, तिथे हलणारा चार्ज आहे का? नसेल तर जे = ०. बिंदूपासून दहा सेंटिमीटरवर वायर असली तरी फरक पडत नाही. समीकरण त्या बिंदूचं आहे.

पायरी ४: चारही समीकरणं, आधी पूर्ण मग रिकामी

पूर्ण रूप असं (टी म्हणजे वेळ):

डिव ई = रो ÷ एप्सिलॉन-नॉट
डिव बी = ०
कर्ल ई = − ∂बी/∂टी
कर्ल बी = म्यू-नॉट × जे + म्यू-नॉट × एप्सिलॉन-नॉट × ∂ई/∂टी

पहिलं गाऊसचं. दुसरं सांगतं की चुंबकाचा एकटा ध्रुव सापडत नाही. तिसरं फॅरेडेचं, १८३१ चं. चौथं अँपियरचं, त्यात मॅक्सवेलने टाकलेली भर. मॅक्सवेलने १८६५ च्या पेपरमध्ये वीस समीकरणं मांडली होती, त्यांचं आज आपण लिहितो तसं चार व्हेक्टर समीकरणांचं सुटसुटीत रूप १८८० च्या दशकात हेविसाइडने केलं.

आता रो = ० आणि जे = ० टाका:

डिव ई = ०
डिव बी = ०
कर्ल ई = − ∂बी/∂टी
कर्ल बी = म्यू-नॉट × एप्सिलॉन-नॉट × ∂ई/∂टी

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. जे गेला, तरी उजवीकडे काहीतरी उरलं. ई बदलत असेल तर त्याच्याभोवती बी फिरतं, तिथे एकही इलेक्ट्रॉन नसताना. बाकीची सगळी मजा या उरलेल्या पदात आहे.

पायरी ५: ते पद तिथे का लागतं, हे स्वतः सिद्ध करा

हे घोकू नका, करून बघा, पाच ओळींचं काम आहे.

चार्ज तयार होत नाही आणि नष्ट होत नाही. परत त्या पुलाकडे या: प्लॅटफॉर्मवर येणारे जास्त आणि जाणारे कमी, तर प्लॅटफॉर्मवरची गर्दी वाढणारच. गणितात:

डिव जे = − ∂रो/∂टी

आता समजा चौथं समीकरण जुनंच आहे, कर्ल बी = म्यू-नॉट × जे. दोन्ही बाजूंचा डायव्हर्जन्स घ्या. कर्लचा डायव्हर्जन्स कायम शून्य असतो, म्हणून डिव जे = ० आलं. याचा अर्थ कुठेही चार्ज साठूच शकत नाही! पण कपॅसिटर चार्ज होताना प्लेटवर चार्ज साठतो हे तर रोजचं आहे. म्हणजे जुनं समीकरण फक्त स्थिर करंटपुरतं खरं.

आता दुसरं पद घाला. एप्सिलॉन-नॉट × ∂ई/∂टी याचा डायव्हर्जन्स घेतला की गाऊसच्या समीकरणावरून ∂रो/∂टी मिळतो. डिव जे आहे − ∂रो/∂टी. बेरीज शून्य. हिशोब जुळला.

मॅक्सवेल स्वतः या रस्त्याने आला नव्हता बरं का. १८६१-६२ च्या पेपरमध्ये त्याने अवकाशात फिरणाऱ्या भोवऱ्यांचं एक यांत्रिक मॉडेल कल्पलं होतं आणि त्यातून हे पद आलं. ते मॉडेल आज कोणी वापरत नाही, पद मात्र टिकलं. माझ्या मते नवख्याने चार्ज टिकण्याच्या नियमाचाच रस्ता धरावा, कारण त्यात काहीही मानून चालावं लागत नाही.

एप्सिलॉन-नॉट × ∂ई/∂टी याला डिस्प्लेसमेंट करंट डेन्सिटी म्हणतात. युनिट जे सारखंच, अँपियर प्रति चौरस मीटर. ऐरोलीला राहणारी माझी भाची इंजिनिअरिंगला आहे, तिला हे शिकवत होतो तेव्हा तिने नेमकं विचारलं, "मामा, मग त्या मधल्या जागेत वाहतं काय?" म्हटलं, काहीच वाहत नाही गं, फील्ड बदलतंय एवढंच. "मग करंट का म्हणायचं?" कारण बी तयार करण्याच्या कामात ते पद जे च्या जोडीला उभं राहतं, दोघांची बेरीज मिळून हिशोब पुरा होतो. पण तापणं, इलेक्ट्रॉनचा वेग, ओहमचा नियम, यातलं काहीही त्या पदाला लावायचं नाही.

पायरी ६: कपॅसिटरवर आकडे घाला

दोन गोल प्लेट, त्रिज्या १० सेंटिमीटर, मध्ये हवा, वायरमधून १ अँपियर करंट येतोय. प्लेटचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर.

मधल्या जागेत जे = ०. डिस्प्लेसमेंट करंट डेन्सिटी = १ ÷ ०.०३१४, साधारण ३२ अँपियर प्रति चौरस मीटर. त्यावरून ∂ई/∂टी = ३२ ÷ ८.८५४ × १०^-१२, म्हणजे ३.६ × १०^१२ व्होल्ट प्रति मीटर प्रति सेकंद. आकडा बघून दचकायला होतं, पण हवा सुमारे ३० लाख व्होल्ट प्रति मीटरला फुटते, म्हणजे हा प्रकार मायक्रोसेकंदभरसुद्धा टिकणार नाही. रिकाम्या जागेतून एका अँपियरएवढं काम करून घ्यायला फील्ड किती झपाट्याने बदलावं लागतं याचा अंदाज येतो.

प्लेटच्या कडेला बी किती? म्यू-नॉट × करंट ÷ (२ × पाय × त्रिज्या) = २ × १०^-६ टेस्ला, म्हणजे २ मायक्रोटेस्ला. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे, त्याच्या विसाव्या भागाएवढं. वायरभोवती तेवढ्याच अंतरावर काढलंत तरी हाच आकडा येईल. वायर जिथे संपते तिथे बी तुटत नाही, सलग राहतं.

पायरी ७: लाट काढा

आता खरं काम. तिसऱ्या समीकरणाचा पुन्हा कर्ल घ्या:

कर्ल (कर्ल ई) = − ∂/∂टी (कर्ल बी)

डाव्या बाजूला नेहमीची आयडेंटिटी: कर्ल (कर्ल ई) = ग्रेड (डिव ई) − ∇²ई. ग्रेड म्हणजे एखादी किंमत जागेनुसार कोणत्या दिशेला किती बदलते ते, आणि ∇² म्हणजे तिन्ही दिशांच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची बेरीज. डिव ई शून्य, म्हणून उरलं − ∇²ई. उजव्या बाजूला कर्ल बी च्या जागी चौथं समीकरण ठेवा. मायनस दोन्हीकडचे उडाले:

∇²ई = म्यू-नॉट × एप्सिलॉन-नॉट × ∂²ई/∂टी²

हे वेव्ह इक्वेशन आहे आणि वेग = १ ÷ √(म्यू-नॉट × एप्सिलॉन-नॉट). कॅल्क्युलेटर काढाच. गुणाकार १.११३ × १०^-१७, वर्गमूळ ३.३३६ × १०^-९, उलटं केलं की २.९९८ × १०^८ मीटर प्रति सेकंद.

एप्सिलॉन-नॉट हा कपॅसिटरच्या गणितातला, म्यू-नॉट कॉइलच्या गणितातला, दोघांचा प्रकाशाशी काही संबंध असेल असं वाटतं का? १८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश यांनी विद्युत आणि चुंबकीय मोजमापांचं गुणोत्तर प्रयोगाने काढलं होतं, त्यातून मॅक्सवेलला वेग मिळाला सेकंदाला ३ लाख १० हजार ७४० किलोमीटर. फिझोने १८४९ मध्ये प्रकाशाचा वेग मोजला होता तो ३ लाख १५ हजारच्या आसपास. आकडे इतके जवळ बघून मॅक्सवेलने प्रकाश हीच इलेक्ट्रोमॅग्नेटिक लाट आहे असं ठरवलं. प्रयोगात अशी लाट तयार करून पकडली हर्ट्झने, १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहला, मॅक्सवेल गेल्यावर आठ-नऊ वर्षांनी. आणि १८९० च्या दशकात कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागतील इतक्या छोट्या लाटांवर काम करत होते.

आता जरा उलटं करून बघा. चौथ्या समीकरणातून मॅक्सवेलचं पद काढून टाका, जे शून्यच ठेवा. कर्ल बी = ०. वेव्ह इक्वेशन येतच नाही. लाट नाही, रेडिओ नाही, सूर्याचा उजेडही पृथ्वीपर्यंत येत नाही.

पायरी ८: एक सरळ लाट घालून चारही समीकरणं तपासा

लाट झेड दिशेने चाललीय, ई फक्त एक्स दिशेत. ई-नॉट म्हणजे ई ची कमाल किंमत, के म्हणजे २ पाय ÷ वेव्हलेंग्थ, ओमेगा म्हणजे २ पाय × फ्रिक्वेन्सी:

ई (एक्स) = ई-नॉट × कॉस(के झेड − ओमेगा टी)

डिव ई: एक्स घटक एक्स वर अवलंबून नाही, म्हणून शून्य. झालं. कर्ल ई चा वाय घटक आहे ∂ई/∂झेड = − के × ई-नॉट × साइन(के झेड − ओमेगा टी). तिसऱ्या समीकरणाने तो − ∂बी/∂टी इतका हवा. टी वर इंटिग्रेट केलं की:

बी (वाय) = (के ÷ ओमेगा) × ई-नॉट × कॉस(के झेड − ओमेगा टी)

के ÷ ओमेगा म्हणजे १ ÷ सी. तर बी आडवं, ई ला काटकोनात, दोघंही चालीच्या दिशेला काटकोनात, दोघं एकाच वेळी वाढतात आणि एकाच वेळी शून्य होतात. बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं की ई कमी होताना बी वाढतं, आळीपाळीने. पुढे जाणाऱ्या लाटेत तसं नसतं. चौथं समीकरण तुम्ही तपासा, त्यातून के² = म्यू-नॉट × एप्सिलॉन-नॉट × ओमेगा² निघायला हवं.

आता तो कोपऱ्यात लिहिलेला आकडा काढा.

वातावरणाच्या बाहेर सूर्याचा उजेड चौरस मीटरला साधारण १३६१ वॅट पडतो. लाटेची सरासरी शक्ती = ई-नॉट² ÷ (२ × ३७७), इथे ३७७ ओहम म्हणजे रिकाम्या जागेचा इम्पीडन्स, √(म्यू-नॉट ÷ एप्सिलॉन-नॉट). त्यावरून ई-नॉट सुमारे १०१३ व्होल्ट प्रति मीटर, आणि बी-नॉट त्याला सी ने भागून ३.४ मायक्रोटेस्ला. सगळा उजेड हिरवाच आहे असं धरू, फ्रिक्वेन्सी ५.५ × १०^१४ हर्ट्झ, म्हणजे ओमेगा ३.४६ × १०^१५. डिस्प्लेसमेंट करंट डेन्सिटीची कमाल किंमत = एप्सिलॉन-नॉट × ओमेगा × ई-नॉट = ३.१ × १०^७ अँपियर प्रति चौरस मीटर.

घरच्या वायरमध्ये काय होतं? ३.३ × १०^६. म्हणजे रिकाम्या अवकाशातून येणाऱ्या उन्हातलं हे पद तुमच्या भिंतीतल्या वायरमधल्या जे च्या जवळजवळ दहापट आहे. आणि तिथे जे शून्य. मला हे गणित फार आवडतं, कारण एकदा हाताने केलं की "जे शून्य म्हणजे काहीच नाही" हा समज परत डोकं वर काढत नाही. अर्थात ते पद सेकंदाला हजारभर लाख कोटी वेळा दिशा बदलतं, त्यामुळे त्याला वायर जोडून पंखा चालवायचा विचार करू नका.

पायरी ९: स्वयंपाकघरात वेग मोजा

मायक्रोवेव्ह आणि उडदाचे पापड पाहिजेत. आतली फिरणारी काच काढून ठेवा आणि खालच्या फिरणाऱ्या खुंटीवर एक मायक्रोवेव्हला चालणारा वाडगा उपडा घाला, म्हणजे वर ठेवलेली ताटली फिरणार नाही. ताटलीत दोन-तीन पापड एकमेकांना चिकटून पसरा. पंधरा-वीस सेकंद चालवा, समोर उभं राहून बघा आणि कुठेही करपायला लागलं की लगेच बंद करा. आख्खा पापड फुलू द्यायचा नाही. काही ठिकाणी पांढरे फुललेले ठिपके दिसतील आणि मधला भाग कच्चाच राहील.

हे ठिपके म्हणजे आतल्या उभ्या लाटेत ई जिथे जोरात आहे त्या जागा. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी वेव्हलेंग्थ. पट्टीने मोजा, सहाच्या आसपास सेंटिमीटर यायला हवं. ओव्हनच्या मागच्या लेबलवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. समजा ६.२ सेंटिमीटर आलं: २ × ०.०६२ × २.४५ × १०^९ = ३.०४ × १०^८. इतकं छान दर वेळी येणार नाही, डब्यात बऱ्याच लाटा एकदम असतात म्हणून ठिपके वेडेवाकडे पडतात, दहा-वीस टक्के इकडेतिकडे होणारच. बरीच अंतरं मोजून सरासरी काढा.

आता हाच डबा समीकरणांच्या नजरेने बघा. आतल्या हवेत जे = ०, तिथे पायरी ४ ची रिकामी समीकरणं. धातूच्या भिंतींच्या पृष्ठभागावर खरे इलेक्ट्रॉन हलतायत, तिथे जे आहे, आणि त्या करंटमुळेच लाट परत फिरते आणि उभी लाट बनते. ओलसर पापडात पाण्याचे रेणू आहेत, म्हणून तिथे पूर्ण समीकरणं. एकाच डब्यात तिन्ही जागा.

पायरी १०: कुठे घसरायला होतं

सगळ्यात जास्त घसरतात ते ई = सी × बी वर. हे नातं फक्त मोकळ्या, दूरवर पोचलेल्या सरळ लाटेचं आहे. जे = ० असलेल्या प्रत्येक जागेचं नाही! ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभे रहा, डोक्यावर २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झची ओव्हरहेड वायर आहे. तुम्ही आणि वायर यांच्या मधल्या हवेत जे शून्यच आहे. पण ५० हर्ट्झची वेव्हलेंग्थ ६००० किलोमीटर, तुम्ही त्या मानाने वायरला चिकटूनच उभे आहात. तिथे ई ठरतं व्होल्टेजवरून आणि बी ठरतं गाडी किती करंट खेचतेय त्यावरून. गाडी नसली की बी जवळपास नाहीसं होतं, ई तसंच राहतं. मग गुणोत्तर कसं ठरलेलं असेल?

तिथल्या डिस्प्लेसमेंट करंट डेन्सिटीचा अंदाजही घ्या. हवेत ई ची कमाल किंमत १००० व्होल्ट प्रति मीटर धरू: ८.८५४ × १०^-१२ × ३१४ × १००० = सुमारे २.८ मायक्रोअँपियर प्रति चौरस मीटर. अगदीच किरकोळ.

दुसरी घसरण, तांब्याच्या वायरच्या आत डिस्प्लेसमेंटचं पद लावत बसणं. ५० हर्ट्झला तांब्यात ते पद जे च्या १०^-१६ पटीहूनही कमी असतं, सरळ सोडून द्या. तिसरी, डिव ई = ० म्हणून ई = ० लिहिणं. डायव्हर्जन्स शून्य म्हणजे फील्ड तिथे सुरू होत नाही आणि संपत नाही, आरपार खुशाल जाऊ शकतं.

सरावासाठी

हे तिन्ही स्वतः करा, मगच उत्तर बघा.

पहिलं. १९६५ मध्ये टीआयएफआरच्या (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या गटाने आपल्या ठाणे जिल्ह्यातच, कल्याणला, ३२ छोट्या डिश मांडून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचं निरीक्षण सुरू केलं. वेव्हलेंग्थ किती? सी ला ६१० × १०^६ ने भागा, ४९ सेंटिमीटर.

दुसरं. ९८.३ मेगाहर्ट्झचं एफएम स्टेशन लावलंय, वेव्हलेंग्थ किती आणि पाव वेव्हलेंग्थची अँटेना केवढी? ३.०५ मीटर, आणि ७६ सेंटिमीटर. घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर त्याची काडी पूर्ण बाहेर ओढून मोजून बघा.

तिसरं. त्याच स्टेशनची लाट वाशीला तुमच्या गॅलरीत पोचली तेव्हा ई-नॉट १ मिलिव्होल्ट प्रति मीटर आहे असं धरा. बी-नॉट किती, आणि डिस्प्लेसमेंट करंट डेन्सिटी किती? बी-नॉट ३.३ × १०^-१२ टेस्ला. डिस्प्लेसमेंटचं पद: ८.८५४ × १०^-१२ × ६.१८ × १०^८ × १०^-३, म्हणजे सुमारे ५.५ मायक्रोअँपियर प्रति चौरस मीटर. प्लॅटफॉर्मवरच्या २५ किलोव्होल्टच्या वायरखाली आलेल्या आकड्याच्या दुप्पट! फील्ड तिथल्यापेक्षा दहा लाख पट कमी आहे, पण फ्रिक्वेन्सी जवळजवळ वीस लाख पट जास्त आहे.